मामा सतरा मीटर खाली

२ नोव्हेंबर, सकाळ

पार्सल आलं! ताईनं शब्द पाळला. डाइव्ह कॉम्प्युटर. मनगटाला बांधायचा, काळा, जाडजूड, आणि काच अशी की हातोडी मारून बघावीशी वाटते. मारली नाही. आई समोर होती.

पाण्याखाली आपण किती खोल आहोत, किती वेळ झाला, वर कधी यायचं, सगळं हा सांगतो. म्हणजे आमच्या डाइव्हिंग सेंटरच्या मॅडमचं निम्मं काम. मॅडमना मी तसं बोललोही. त्या म्हणाल्या, उरलेलं निम्मं काम तुझ्यावर लक्ष ठेवायचं आहे, ते कुठलंच मशीन करणार नाही. कौतुकच केलं म्हणायचं.

आता मुद्द्याचं. १६ तारखेला, रविवारी, मॅडम माझ्याबरोबर पाण्यात उतरणार. नीट जमलं तर या सीझनला गाइडचा असिस्टंट मी. पाहुण्यांना खाली न्यायचं, मासे दाखवायचे, वर आल्यावर खांद्यावर टॉवेल टाकून बोटीवर उभं राहायचं. टॉवेलची प्रॅक्टिस झालीये. नाही जमलं तर १७ तारखेपासून मामाचं टायरचं दुकान. मामा म्हणतात, आत्ता तरी काय करतोस रे, टाक्यांत हवाच भरतोस ना? इथेही हवाच भरायची. इथे निदान कोरडा राहशील. माझ्या मापाचा ॲप्रनसुद्धा शिवून ठेवलाय त्यांनी. मागच्याच वर्षी. माझ्यावर विश्वास म्हणून नाही.

जागा एकच आहे, आणि ती बेडक्यालाही हवी आहे. बेडक्या म्हणजे माझ्याबरोबर टाक्या भरतो तो. पाण्यात पाय बेडकासारखे मारतो म्हणून नाव मी ठेवलं. आता त्याची आईसुद्धा त्याला त्याच नावानं जेवायला हाक मारते. त्याच्याकडे हाच कॉम्प्युटर आहे, सेम टू सेम, सहा महिन्यांपासून. सहा महिन्यांत त्यानं काय दिवे लावले ते मी बघितलंय. रोज डाइव्हच्या आधी बघतो, नंतर बघतो आणि मान हलवतो. मान मीही हलवू शकतो.

बॉक्समध्ये एक पुस्तक निघालं, हा कसा वापरायचा त्याचं. सोळा भाषांत. एवढ्या भाषांत समजावून सांगावं लागतं म्हणजे जगात किती ढ लोक आहेत! बटणं किती? दोन. आमच्या मिक्सरला तीन आहेत. पुस्तक आईला देऊन टाकलं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी वाऱ्यानं आपटते, तिच्या फटीत तिनं ते बसवलं. अगदी मापात बसलं.

संकल्प: चार दिवसांत कॉम्प्युटर पाठ. पाचव्या दिवशी बेडक्याची शिकवणी.

३ नोव्हेंबर

कॉम्प्युटर घालून पहिली डाइव्ह. पाण्यात गेल्या गेल्या आपला आपणच चालू झाला. हुशार आहे, माझ्यावर गेलाय. सगळ्यांना दिसावा म्हणून मी डावा हात डोक्यावर धरून पोहलो. एका पाहुणीला वाटलं मला काहीतरी होतंय. तिनं मॅडमना पायातल्या फिनला धरून ओढत माझ्याकडे आणलं. वर आल्यावर मॅडम म्हणाल्या, हात मोडला नसेल तर खाली ठेव.

आणि वर आल्यावर तो बिघडला! पहिल्याच दिवशी! काचेच्या कोपऱ्यात एक छोटं विमान आलं. फोनवर येतं तेच. फ्लाइट मोड लागला. दोन्ही बटणं दाबली. एक-एक दाबलं, एकदम दाबलं, धरून ठेवलं. विमान हलेना.

बेडक्या म्हणाला, अरे बिघडलेलं नाही ते, विमानात बसू नकोस असं सांगतंय. डाइव्हनंतर जवळजवळ एक दिवस विमानानं जायचं नसतं, अंगात गॅस राहिलेला असतो.

अंगात गॅस! मी विचारलं, मी कुठे चाललोय विमानानं? मी सायकलनं घरी चाललोय. सायकलचं चित्र आलं असतं तर मानलं असतं.

मग ट्यूब पेटली. परवा मी याच्या बुटात जेलीफिश म्हणून हेअर जेलची पिशवी ठेवली होती, त्याचा हा बदला. मला टोपी घालतोय, मला! ज्याचा टोप्यांचाच धंदा आहे त्याला! मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, छान होती, पण तोंड सरळ ठेवायला शीक.

४ नोव्हेंबर, दुपार

विमान गेलं. काल संध्याकाळी टाक्या भरायच्या खोलीत कॉम्प्युटर खिडकीबाहेर धरून उभा होतो, रेंजसाठी. त्याचा गुण आला. बेडक्याला सांगितलं की रिपेअर केला. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. जळतो.

५ नोव्हेंबर

ऐतिहासिक दिवस. मला ९९ पडले.

पाण्यात उतरल्यावर काचेवर मोठ्या अक्षरात ९९ येतात. परवाही आले होते, पण खाली जाता जाता कमी व्हायला लागले. ८०, ६०, ५०. म्हणजे मार्क कापतो. खाली जाऊन आपण काय काय चुका करतो ते हा बघत असतो आणि मार्क कापतो. आमच्या गणिताच्या बाईंसारखं. पण त्या निदान शेवटी तरी कापायच्या, हा चालू पेपरात कापतो.

आज डोकं चालवलं. खाली गेलोच नाही. सगळे खाली, मी त्यांच्या डोक्यावर सहा मीटरवर, हात बांधून, अंग न हलवता. ९९! शेवटपर्यंत ९९! मॅडम खालून ये ये म्हणून हात करत होत्या. मी मनगट दाखवलं. त्यांनी परत हात केला. मी परत मनगट दाखवलं. असं बराच वेळ चाललं.

शाळेत माझी वरची धाव ४१. तीही चित्रकलेत. आईला सांगितलं, ९९ पडले. ती म्हणाली, शंभरातून का? हे विचारायचं राहिलं.

६ नोव्हेंबर

मॅडमनी आज खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं की ते मार्क नाहीत, मिनिटं आहेत. जेवढं खोल जाऊ तेवढा गॅस अंगात जास्त मुरतो. म्हणून या खोलीवर अजून किती मिनिटं राहिलास तर सरळ वर येता येईल, ते तो आकडा सांगतो. मिनिटं संपली तरी खालीच राहिलास तर वर येताना वाटेत मध्येच थांबावं लागतं, ते तो सांगेल तेवढा वेळ. वरवरच तरंगत राहिलास तर ९९ राहणारच, त्यात तुझं कर्तृत्व काय?

मी म्हटलं, मला माहीत होतं, मी तुम्हाला चेक करत होतो. त्या म्हणाल्या, पुस्तक वाचलंस का? मी म्हटलं, घरात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. हे खोटं नाही.

गॅस मात्र पुन्हा निघाला. मॅडमनाही बेडक्यानं सामील करून घेतलंय की काय?

८ नोव्हेंबर, संध्याकाळ

अन्याय झालाय.

सकाळी डाइव्हच्या आधी दोन्ही कॉम्प्युटर धुवायच्या टबात पडले होते. बेडक्या वेटसूटमध्ये घुसायची मारामारी करत होता. इकडेतिकडे बटणं दाबताना मला कालच एक जागा सापडलीये, तिथे मीटरचे फूट होतात. म्हटलं, याचे फूट करून ठेवू. खाली दहा मीटरवर गेला की काचेवर तेहतीस दिसेल, आणि आम्हा दोघांना अठराच्या खाली जायची परवानगी नाही. बेडक्याचे डोळे मास्कला चिकटतील. फूट केले, टबात सोडला, शीळ वाजवत निघून गेलो.

खाली गेलो. वाळूवर टेकलो. मनगट बघितलं. तेहतीस.

तेहतीस! वर बघितलं तर बोट चांगली मोठी दिसत होती. पण मी म्हटलं, पाणी स्वच्छ असेल. बेडक्या शेजारी निवांत एका खेकड्याकडे बघत होता. म्हटलं, हा मरणार आणि मला घेऊन मरणार. मी वर सुटलो.

सुटलो तसा कॉम्प्युटर कोकलायला लागला. काचेवर काय? SLOW.

आता ही काय पद्धत झाली! पाय तुटेपर्यंत मारतोय, छातीचा भाता झालाय, आणि हा मला म्हणतो स्लो! शाळेत पीटीचे सर असंच म्हणायचे, आणि अशीच शिट्टी मारायचे. मी आणखी जोर लावला. तो आणखी कोकलला. SLOW, SLOW. काही केल्या समाधान नाही. शेवटी असा वर आलो की कमरेपर्यंत पाण्याबाहेर निघालो. बोटवाला म्हणाला, त्याला आधी डॉल्फिन वाटला. हे एक चांगलं झालं.

मॅडमनी तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला आणि आडवं केलं. मला काहीही होत नव्हतं, पण मास्कमुळे सांगता येईना. मॅडम ओरडल्या नाहीत. हे मला आवडलं नाही. ओरडल्या असत्या तर कळलं असतं कुठे उभे आहोत.

मग बेडक्यानं माझा हात उचलून काच बघितली आणि म्हणाला, अरे, तुझ्यावर फूट लागलेत.

कोणी लावले कळायला मार्ग नाही. दोन्ही कॉम्प्युटर सेम दिसतात, यात कंपनीची चूक आहे. मीटर परत त्यानंच लावून दिले. मला लावता येत होते, पण मी आडवा होतो.

९ नोव्हेंबर

मॅडम ऑफिसमध्ये. बेडक्याही होता, साक्षीदार म्हणून.

SLOW म्हणजे म्हणे हळू ये. मला कसं कळणार? तू स्लो आहेस आणि तू स्लो ये, दोन्हीला एकच शब्द! भांडणं अशानंच होतात. मॅडमनी सोड्याची बाटली घेतली, हलवली आणि माझ्यासमोर झाकण उघडलं. अर्धा सोडा टेबलावर. म्हणाल्या, जोरात वर आलास की हे तुझ्या अंगात होतं. मुरलेला गॅस असा सुटतो. काल नशीब म्हणून वाचलास. मग त्यांनी फडकं माझ्याच हातात दिलं.

गॅस खरा आहे म्हणजे. विमानाचं पण खरं होतं म्हणे. मी बेडक्याला म्हटलं, खरं होतं तर खऱ्यासारखं सांगायचं. तो म्हणाला, खऱ्यासारखंच सांगितलं होतं, तू पाठ थोपटलीस माझी.

मॅडम म्हणाल्या, तुझा प्रॉब्लेम डोक्याचा नाही, डोकं आहे तुला. तू सगळ्यांना उल्लू बनवतोस, म्हणून तुला वाटतं सगळे तुला बनवतायत. पाण्याखाली असं चालत नाही.

हे साफ चूक आहे. सगळ्यांना नाही. आईशी मी अधूनमधून खरं बोलतो.

शिक्षा: १६ तारखेपर्यंत समुद्राला पाय लावायचा नाही. टाक्या भरायच्या, वेटसूट धुवायचे. आणि त्या दिवशी मॅडमबरोबर सतरा मीटर, आणि वर येताना आपल्या सगळ्यात छोट्या बुडबुड्यापेक्षा हळू. तेवढं जमलं तर जागेचा विचार करू, म्हणाल्या. बेडक्याचंही त्याच दिवशी आहे.

विचार करू म्हणाल्या म्हणजे झाल्यातच जमा.

११ नोव्हेंबर, सकाळ

समुद्र बंद, पण प्रॅक्टिस बंद नाही. बादलीत कॉम्प्युटर टाकला. चालू झाला, खोली ०.२ मीटर. बादलीतून हळू येण्यात मजा नाही.

मग डोक्यात आलं. याला खोली कशी कळते? डोळे तर नाहीत. दाब! पाणी दाबलं की याला वाटतं आपण खाली गेलो. आईची एक मोठ्या तोंडाची प्लास्टिकची बरणी घेतली, मऊ. काठोकाठ पाणी, आत कॉम्प्युटर, वर घट्ट झाकण. दोन्ही हातांनी दाबली.

तीन मीटर! गच्चीवर! कोरड्या पायांनी!

गुडघ्याखाली धरली: सहा. वर बसलो: अकरा! जगात हे कोणालाच सुचलेलं नसणार. पुस्तक वाचणाऱ्यांना तर नाहीच नाही.

१३ नोव्हेंबर

रोज सकाळी गच्चीवर डाइव्ह. बरणीवर बसायचं, अकरा मीटर, आणि मग उठायचं. झटकन उठलं की बरणीतून कोकलतो. हळू उठलं की गप्प. आज असा उठलो, असा उठलो, की मांड्या लटलट कापायला लागल्या, पण शेवटपर्यंत हूं की चूं नाही. मॅडमनी बघायला पाहिजे होतं. शेजारच्या आजींनी बघितलं. त्यांनी आईला विचारलं, पोराला पोटाचं काही आहे का?

अडचण एकच. टेस्ट सतरा मीटरची, आणि माझं वजन अकरा मीटरचं. सायकल मांडीवर घेऊन बसलो तरी बारा. आईला म्हटलं, दोन मिनिटं बरणीवर बस. ती लाटणं घेऊन उठली.

मला वजनदार माणूस पाहिजे.

१५ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळ

प्लॅन शंभर टक्के यशस्वी. थोडा जास्तच.

मामा रोज दुपारी जेवायला आमच्याकडे येतात आणि मग आमच्या सोफ्यावर बसून झोपतात. नेहमी एकाच जागी. तिथली स्प्रिंग केव्हाच मेलीये. मी गादी उचलली, खाली फळी, फळीवर बरणी, वर गादी. मामा आले, जेवले, आणि बसले. जरा टणक लागतंय म्हणाले. आई म्हणाली, नवीन कापूस भरलाय. आईनं का सांभाळून घेतलं माहीत नाही, तिला बहुतेक त्यांना लवकर झोपवायचं होतं.

गादीच्या कडेतून टॉर्च मारून बघितलं. सतरा मीटर! पॉइंटाचाही फरक नाही! टायर विकून विकून बनलेलं शरीर, पण माप काय आहे!

ठरवलं होतं असं की पाच मिनिटं झाली की मामांना म्हणायचं, मामा, जरा हळूच उठता का. पण मामा घोरायला लागले. घोरत्या मामांना उठवायची हिंमत आमच्या घरात फक्त आजीला होती, आणि ती गेली. मी समोर बसून राहिलो. अर्धा तास झाला. एक तास झाला. मामा आपले सतरा मीटरवर. सीझनमधला कोणीही गाइड एवढा वेळ खाली राहिलेला नसणार, श्वासागणिक एवढा आवाज करत तर नाहीच.

मग गादीतून बारीक पीप पीप सुरू झालं. मामांनी झोपेतच कुशीवर थाप मारली. पीप पीप. मामांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, माझ्यातून आवाज येतोय का रे?

मी म्हटलं, नाही मामा, बाहेरून येतोय.

ते म्हणाले, नाही, माझ्यातूनच येतोय. काल डॉक्टरनं ते मशीन लावलं होतं छातीला, काही विसरला तर नाही?

आणि तेवढ्यात खाली दुकानापाशी ट्रकवाल्यानं लांबलचक हॉर्न मारला. मामा ताडकन उठले! सतरा मीटरवरून एका दमात गादीच्या वर! एवढ्या वेगानं तर मीही आलो नव्हतो. गादीत जो आकांत सुरू झाला, जो आकांत! मामा छाती धरून परत बसले, परत खाली गेले, परत उठले. आई ओट्यापासून ओरडली, गॅस बंद आहे, गॅस बंद आहे.

मामा चपला न घालताच दुकानात गेले. बरणी काढली. सगळं ठीक होतं. काच सलामत. उलट एक नवीन गोष्ट: काचेवर छोटं कुलूप आलंय, आणि शेजारी ४८. कुलूप म्हणजे सेटिंग लॉक. आता कोणी मीटरचे फूट करू शकत नाही. ४८ म्हणजे बॅटरी. उद्यापुरती भरपूर.

बटण दाबलं तर काहीच करत नाही. एकदम गुणी झालाय.

सतरा मीटरची तयारी झाली. माझी नाही, पण कॉम्प्युटरची झाली. त्याला आता काहीच नवीन नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार, दुपार

लिहावंसं वाटत नाही. पण मी रोजचं रोज लिहिणारा माणूस आहे.

सकाळी बोट निघाली. मी, बेडक्या, मॅडम, बोटवाला. समुद्र सपाट. मी अजिबात घाबरलेलो नव्हतो, वेटसूट उलटा घातला तो ऊन डोळ्यांवर आलं म्हणून.

उडी मारायच्या आधी मॅडम म्हणाल्या, दोघांनी कॉम्प्युटर दाखवा. बेडक्यानं दाखवला. मी दाखवला आणि म्हटलं, मॅडम, लॉक करून आणलाय, बॅटरी ३१.

मॅडमनी माझं मनगट धरलं, सोडलं, परत धरलं. मग विचारलं, काल कुठे डाइव्ह केलीस?

मी म्हटलं, घरी.

त्या म्हणाल्या, घरी. किती खोल?

म्हटलं, सतरा मीटर. जेवणानंतर.

बोटवाल्यानं इंजिन बंद केलं. ऐकायचं होतं त्याला. मॅडमनी विचारलं, एकटा गेलास? मी म्हटलं, मी गेलोच नाही, मामा गेले. मग सगळं सांगितलं. बरणी, फळी, गादी, ट्रक. मी एवढं सलग खरं आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि तिघांपैकी दोघांना ते खरं वाटेना! बेडक्या म्हणाला, शेवटच्या दिवशी तरी बनवू नकोस रे.

मॅडमना मात्र पटलं. काचेवर आहेच ना म्हणाल्या. त्यांनी सांगितलं ते असं: हा कॉम्प्युटर ज्याच्या हातात आहे तो माणूस काल तासाहून जास्त सतरा मीटरवर होता, मिनिटं संपून गेली तरी हलला नाही, आणि मग कुठेही न थांबता एका झटक्यात वर आला. असा माणूस दवाखान्यात पाहिजे. म्हणून त्यानं स्वतःला कुलूप लावलंय. ४८ तास. तू अजून ३१ तास पाण्यात जायचं नाही असं तो म्हणतोय.

मी म्हटलं, पण मॅडम, अंगात गॅस माझ्या नाही, मामांच्या आहे.

त्या म्हणाल्या, मग मामांनाही घेऊन जाणार नाही मी.

मी म्हटलं, तुमचा एखादा जादा द्या. त्या म्हणाल्या, टेस्ट पोहायची नव्हती. पोहता येतं तुला. टेस्ट हा कॉम्प्युटर कळतो का याची होती. हे त्या हळू बोलल्या. रागवून बोलल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, जिभेवर तयार होतं.

मग त्या आणि बेडक्या उतरले. मी बोटीच्या काठावर बसलो. खाली कोण दिसत नव्हतं, नुसते बुडबुडे येत होते, दोन जागी. बोटवाल्यानं चहा दिला. तो म्हणाला, मामांना फिन घातल्या होत्यास का? मी हसलो नाही. एरवी हा माझा जोक होता.

वर यायची वेळ झाली तेव्हा बेडक्या नियमाप्रमाणे पाच मीटरवर थांबला. निळ्यात लटकलेला, पाय बेडकासारखे, मनगट डोळ्यांसमोर. तीन मिनिटं. मग आला तो असा आला, की आधी त्याचे बुडबुडे आले, फुटले, आणि मग तो आला. एवढं हळू मीही उठतो, गच्चीवर. पण तिथे बघायला शेजारच्या आजीच होत्या.

शिडीवर मी त्याची टाकी ओढून घेतली. तो म्हणाला, मी सांगू का मॅडमना, अजून एकदा बघा म्हणून? खरंच म्हणाला. तोंड सरळ होतं. मी म्हटलं, नको, टॉवेल घे. आणि माझा टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला. त्याला टाकता येत नाही नीट, घसरतो.

मॅडम म्हणाल्या, पुढच्या सीझनला ये. पुस्तक वाचून ये.

पुढच्या सीझनला मी बहुधा बिझी असेन. तरी घरी आल्यावर खिडकीतून ते काढायला गेलो. फुगून तिथेच अडकलंय. निघत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मामांचं दुकान. तात्पुरतं. मामा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि बसताना दर वेळी आधी स्टुलाखाली हात घालून बघतात. त्यांच्यावर मी इतका परिणाम केलेला याआधी आठवत नाही.

दुपारी कुलूप आपोआप उघडलं. कॉम्प्युटर एकदम फ्रेश. आता कुठेही न्या. संकल्प केला: रोज थोडा थोडा शिकायचा, पहिल्यापासून, कोणाला काही न सांगता.

पंक्चर बघायला ट्यूब पाण्यात बुडवली तर मनगटावर डाइव्ह चालू झाली. ०.१ मीटर. आमचं गिऱ्हाईक, एक पोस्टमन, वाकून बघायला लागला. म्हणाला, काय भारी घड्याळ आहे रे! मी म्हटलं, हे साधंसुधं नाही, तुम्हाला नाही कळायचं. तो म्हणाला, बरं, किती वाजले?

एक बटण दाबलं. तापमान आलं. दुसरं दाबलं. काहीतरी टक्के आले. दोन्ही दाबली. विमान आलं. तो पोस्टाची पिशवी सावरत वाट बघत उभा. कुठेतरी असणारच, घड्याळात वेळ नसेल असं कसं होईल?

शेवटी रस्त्यापलीकडे बँकेच्या भिंतीवर घड्याळ आहे, त्यात बघून सांगितलं.